बेडक्याचा रिपोर्ट दोन महिने का लागतो?



लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत हातात पडतो. मग टीबीच्या बेडक्याच्या कल्चरला सहा-आठ आठवडे का, असे आम्हांला पुष्कळदा विचारले जाते. कागद कुठेतरी दाबून ठेवला, असाही संशय लोक घेतात. आम्ही कारकून आहोत. कागद कसे दबतात हे आम्हांला ठाऊक आहे! पण हा उशीर जंतूचा आहे.

हिशेब करून पाहा. लघवीच्या आजारातला नेहमीचा जंतू, ई. कोलाय, चांगले अन्न मिळाले तर २० मिनिटांत एकाचे दोन होतो. सात तासांत एकाचे वीस लाख! टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच १५ ते २० तास लागतात.

रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू जगापुढे मांडला. आज प्रयोगशाळेत त्याचे शेत कोंबडीच्या अंड्यांवर पिकते. अंडी, क्षार, ग्लिसरीन आणि इतर जंतूंना दाबणारा हिरवा रंग हे सारे छोट्या बाटलीत तिरके थिजवतात. बेडक्यातले बाकीचे जंतू आधी रसायनाने मारावे लागतात, नाहीतर तण पीक खाऊन टाकते. मग ३७ अंशांची ऊब. दर आठवड्याला बाटली पाहायची. तीन-चार आठवड्यांनी पावाच्या चुऱ्यासारखे कोरडे, खडबडीत, सायीच्या रंगाचे कण दिसू लागतात; पुढे ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगतात. आठवड्याच्या आत ओलसर, गुळगुळीत काही उगवले, तर तो टीबीचा जंतू नव्हे. आणि आठ आठवडे भरल्याशिवाय 'नाही' असे लिहीत नाहीत.

आता दोन तासांत निदान करणारे यंत्र आले आहे. रिफाम्पिसिन गोळी लागू पडेल की नाही, तेही ते सांगते. पण मेलेला जंतूसुद्धा त्याला सापडतो. औषध चालू असताना आत जिवंत जंतू उरला का, हे कल्चरच सांगते.

आमच्या सोनईत मुळा कारखान्याचा हंगाम संपला की ऊसतोडीच्या टोळ्या उठतात. बेडका इथे दिलेला, माणूस गावी गेलेला आणि रिपोर्ट नंतर आलेला, असे होऊ शकते. म्हणून टोळीतल्या बंधू-भगिनींनी बेडका देतानाच गावचा पत्ता आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहून द्यावा. नुसता मुकादमाचा नको. निघण्याआधी गावाकडच्या सरकारी दवाखान्यात नाव वर्ग करून घ्यावे आणि वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्याव्यात.