स्वेटर घालून रात्रपाळी

माझा भाचा एबेनच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. बाहेर जानेवारीचा उकाडा असतो आणि हा घरातून निघताना हातात स्वेटर घेतो. माझ्या बहिणीला याचे कोण कौतुक! मला मात्र त्या स्वेटरचा हिशेब पडतो. भर उन्हाळ्यात एवढी थंडी करायला वीज किती लागते, आणि ती येते कुठून?

आपल्या बेटावर कोळशाची खाण नाही, तेलाची विहीर नाही. साखर कारखान्यांना लागून असलेली वीजघरे कापणीच्या महिन्यांत उसाचा चोथा जाळतात. ज्या उसासाठी आपले पूर्वज कोकणातून येथे आले, तोच ऊस आपले दिवे लावतो ही अभिमानाची गोष्ट आहे. पण कापणी संपली की त्याच भट्ट्यांत जहाजाने आणलेला कोळसा पडतो. डिसेंबर ते मार्च हा आपला ऐन उन्हाळा, आणि नेमका तेव्हा चोथा संपत आलेला असतो. म्हणजे एअर कंडिशनर ज्या महिन्यांत सर्वांत जास्त राबतात, त्याच महिन्यांत आपण परदेशी कोळशावर आणि तेलावर जास्त विसंबतो.

आता सर्व्हरविषयी. कपाटात रचलेली ही यंत्रे दिवसरात्र चालू असतात, पण चालू असणे वेगळे आणि काम करणे वेगळे. गूगलचे दोन तज्ज्ञ, बारोसो आणि होल्झल, यांनी 2007 साली लिहून ठेवले आहे की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या 10 ते 50 टक्केच राबतात, आणि अगदी रिकामे असतानाही पूर्ण कामाच्या निम्म्याइतकी वीज ओढतात. नंतरची यंत्रे बरीच सुधारली आहेत, तरी रिकाम्या यंत्राची भूक काही मिटलेली नाही.

यावरचा उपाय आम्हा शिक्षकांना समजायला सोपा आहे. एकच शाळेची इमारत पाहा. सकाळी सरकारी वर्ग, दुपारनंतर आपला मराठीचा वर्ग, रविवारी मंडळाची सभा. प्रत्येकाची हजेरीवही वेगळी, पण छप्पर एक आणि पहारेकरी एक. एका यंत्रावर अशीच अनेक ‘आभासी यंत्रे’ नांदवता येतात. फरक एवढाच की येथे वर्ग एकामागून एक न भरता एकाच वेळी भरतात, आणि कोणाला किती जागा द्यायची हे एक देखरेख करणारा प्रोग्रॅम ठरवतो. ही युक्ती आजची नव्हे. आयबीएमने आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी 1972 साली ती बाजारात आणली. साध्या संगणकासाठी व्हीएमवेअर कंपनीने 1999 साली.

मी पूर्वी ज्या शाळेत होते तिचे नाव सांगत नाही. तेथे जिन्याखालच्या खोलीत सहा सर्व्हर होते. एक हजेरीचा, एक गुणांचा, एक ग्रंथालयाचा, एक संगणकवर्गाचा, एक सूचनापत्रांचा. आणि सहावा कशाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. भीतीपोटी तो कोणी बंद करीत नसे. डिसेंबरच्या सुट्टीत शाळेला कुलूप लागले, पण त्या खोलीतला एअर कंडिशनर चालूच होता. एका शनिवारी तो बंद पडला. सोमवारी शिपायाने दार उघडले तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली. ग्रंथालयाची नोंद कायमची गेली. तिची प्रत कोणी ठेवलीच नव्हती. त्या वर्षी पुस्तकांसाठी राखलेले पैसे दुरुस्तीत गेले. मुलांनी जुनीच फाटकी पुस्तके वाचली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे माझ्या भाच्याने दोन सुट्टीचे दिवस घालवून पाच कामे दोन यंत्रांवर बसविली. एकावर का नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, “मावशी, सारे गाव एकाच होडीत बसवू नये.” एक यंत्र बिघडले तर दुसऱ्याने भार घ्यावा, आणि प्रत तिसऱ्याच इमारतीत असावी. सहावे यंत्र त्याने बंद केले. आजतागायत कोणी तक्रार केलेली नाही.

येथे एका हिशेबापासून सावध राहायला हवे. डेटा सेंटरची एकूण वीज भागिले यंत्रांनी खाल्लेली वीज, या आकड्याला पीयूई म्हणतात. तो 1 च्या जितका जवळ तितका चांगला. जगभरच्या केंद्रांच्या एका मोठ्या पाहणीत 2023 साली तो सरासरी 1.58 होता. आता समजा, यंत्रे 100 युनिट खातात आणि गारवा वगैरे 60. आकडा आला 1.6. यंत्रे कमी केली, ती 40 वर आली. पण गारव्याची सामग्री जुन्या भारासाठी घेतलेली, ती उतरून 40 वरच थांबली. आकडा झाला 2! म्हणजे बिल 160 वरून 80 वर आले आणि प्रगतिपुस्तकात गुण घटले. वरचे साहेब केवळ आकडा पाहत असतील तर चांगले काम करणाऱ्यालाच बोलणी बसतील. टक्केवारीचा असा घोळ आम्ही परीक्षांत रोज पाहतो. तेव्हा आधी युनिट मोजा, यंत्रे कमी केल्यावर गारवाही कमी करा, आणि मग तो आकडा पाहा.

गारव्याचेही तेच. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने 2008 सालीच सांगितले आहे की सर्व्हरच्या तोंडाशी 27 अंशांपर्यंतची हवा चालते. मग भाच्याला स्वेटर कशाला? थंड हवा आणि यंत्रांची गरम हवा एकमेकांत मिसळू दिली नाही, तर एवढी खोली गोठवावी लागत नाही. कपाटातल्या रिकाम्या फटी पत्र्याने बुजवायला किती खर्च येतो!

दुसरा एक रोग नवा आहे. आभासी यंत्र पाच मिनिटांत तयार होते, म्हणून लोकांना ते फुकट वाटते. विभाग बंद झाला, माणूस बदलून गेला, तरी त्याचे यंत्र आत जिवंत राहते आणि स्मृती अडवून बसते. अशी शेकडो जमली की साहेब म्हणतात, जागा पुरत नाही, नवे सर्व्हर मागवा. सारी बचत तेथेच बुडते.

डेटा सेंटर नको, असे मी म्हणत नाही. आपली मुले तेथे सन्मानाने कमावतात. पण जी केंद्रे जनतेच्या पैशावर चालतात, त्यांनी वर्षाला किती युनिट खाल्ले, किती यंत्रे चालवली आणि किती बंद केली, हे तीन आकडे छापावेत. शाळांनीही छापावेत. माझ्या आताच्या शाळेत जिन्याखाली खोली नाही, कार्यालयामागे आहे. आत चार यंत्रे आहेत. पुढच्या पालकसभेला मी विजेचे बिल घेऊन जाणार आहे आणि चौथे यंत्र काय करते ते विचारणार आहे.