अंगणातले करवंद

भोपाळच्या अंगणात ब्लॅककरंट रुजविण्याचा खटाटोप कोणी करू नये, त्या जागी करवंदाची जाळी लावावी आणि जागा उरलीच तर शेजारी फालसा लावावा, हे माझे मत मी आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण या मताला येण्यापूर्वी तो खटाटोप मी स्वतः करून पाहिला आहे, त्यात एक कोवळे रोप डोळ्यांदेखत गमावले आहे आणि त्यामुळे बागकामाच्या पुस्तकांतून जे आधीच वाचावयास हवे होते ते मागाहून वाचले आहे.

निमित्त माझ्या नातीचे झाले. आइस्क्रीमच्या दुकानात तिला जांभळ्या रंगाचे, आंबटगोड ब्लॅककरंट फार आवडते, आणि एके दिवशी, “आबा, याचे झाड आपल्याकडे का नाही?” असा प्रश्न तिने केला. मुलाच्या मनात फळाबरोबर झाडाचा विचार यावा ही गोष्ट मला इतकी मोलाची वाटली, की मी पुढचामागचा विचार न करता दूरच्या एका विक्रेत्याकडून टपालाने रोप मागविले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पूर्वेकडच्या कोपऱ्यात, शेणखत घालून नातीच्या हातून लावून घेतले. रोप अस्सल होते. पान बोटांत चुरडले की ब्लॅककरंटचा तो उग्र, ओळखीला पक्का वास येत असे. फेब्रुवारीत दोन-चार डोळे अनिच्छेने फुटले, बाकीचे मिटलेलेच राहिले. एप्रिलअखेर पानांच्या कडा विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारख्या तपकिरी झाल्या. आणि वर गोणपाटाची सावली करून, दिवसातून दोनदा पाणी घालूनही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते रोप वाळून गेले. नातीला ते सांगताना मला जे वाईट वाटले त्याचे कारण रोप मेले हे नव्हते. जे या भूमीत जगणारच नाही ते मी तिच्या हातून लावून घेतले, हे होते. विक्रेत्याने हवामानाची एक ओळ जरी सोबत लिहून पाठविली असती तरी हा प्रसंग टळता.

ब्लॅककरंट हे युरोप आणि उत्तर आशिया यांच्या थंड पट्ट्यातील झुडूप आहे. माणसाच्या कमरेच्या वर, फार तर छातीइतके ते वाढते, हिवाळ्यात पाने गाळते आणि मग गाढ निद्रेत जाते. त्या निद्रेतून जागे होण्यासाठी त्याला ऊब लागण्यापूर्वी थंडी लागते: पारा सुमारे सात अंशांच्या खाली आहे असे तास हिवाळ्यात साधारणपणे हजाराच्या घरात भरले पाहिजेत, तेव्हा कुठे त्याचे सगळे डोळे एकसाथ फुटतात, फुलोरा धरतो आणि फळ येते. आता आपल्या भोपाळचा जानेवारी घ्या. पहाटे तलावावर धुके उतरते, शेकोट्या पेटतात, आपण शाली पांघरतो. तरीही सरासरी किमान तापमान दहा अंशांच्या आसपासच असते, आणि सातच्या खाली उतरणाऱ्या रात्री मोजक्याच, त्याही दिवस उगवताच संपणाऱ्या. झोप पुरी न झालेल्या त्या झुडपावर पुढे मे महिन्यात चाळीस अंशांच्या वरचे ऊन कोसळते. यात मशागतीचा दोष नाही, खताचाही नाही. हा अक्षांशाचा आणि उंचीचा मामला आहे. त्याच्या कुळातील जंगली जाती हिमालयाच्या उंच, कोरड्या उतारांवर आजही वाढतात, आणि हिंदुस्थानात त्या कुळाचे घर तेच होय.

त्याच्या देशात त्या फळाची थोरवी मोठी आहे, हे मी आदराने मान्य करतो. शंभर ग्रॅम ताज्या फळात सुमारे 180 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या तिप्पट. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भयाने इंग्लंडात संत्री येईनाशी झाली, तेव्हा तेथील सरकारने या झुडपाच्या लागवडीस उत्तेजन दिले आणि 1942 पासून त्याचे सरबत लहान मुलांना मोफत वाटण्याचा बंदोबस्त केला. संकटाच्या काळात त्या राष्ट्राने आपल्या मुलांसाठी दूरचे फळ शोधीत न बसता आपल्याच परसातले फळ हाती घेतले, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे; आणि तिचे अनुकरण करावयाचे तर ब्लॅककरंट आणून नव्हे, आपले परस धुंडाळून केले पाहिजे, असे मला वाटते.

नावाचाही थोडा उलगडा येथे केला पाहिजे. ‘करंट’ हा शब्द मुळात ग्रीस देशातील कॉरिंथ या नगराच्या नावावरून निघाला. तिकडून येणाऱ्या बारीक वाळलेल्या द्राक्षांना तो लागला, आणि या झुडपाची फळे दिसावयास तशीच म्हणून पुढे त्यांनाही तेच नाव पडले. आपल्याकडच्या आइस्क्रीममध्ये दाताखाली येणारे काळे दाणे तर पुष्कळदा काळ्या मनुकांचेच असतात. आणि करवंदाला इंग्रजी वनस्पतिग्रंथांत काय नाव आहे? ‘बेंगॉल करंट’. म्हणजे परक्या मुलुखातून आलेल्या माणसांनीसुद्धा आपल्या काट्याच्या जाळीत स्वतःच्या परसातले फळ ओळखले होते. ती ओळख आपल्याच मुलांना राहिली नाही.

माझे वडील 1956 साली, नवे मध्यप्रदेश राज्य होऊन भोपाळ राजधानी ठरली तेव्हा, नागपूरच्या सचिवालयातील दप्तरांबरोबर येथे आले. अशी शेकडो मराठी कुटुंबे तेव्हा आली, आणि आम्हांला जागा मिळाली ती तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरात, पुढे हातभर अंगण आणि मागे थोडे परस. आई रत्नागिरीकडची. वैशाखात डोंगरची काळी मैना नाही, पळसाच्या द्रोणात करवंदे घेऊन दारावर येणाऱ्या बायका नाहीत, याची तिला पहिली दोन वर्षे फार रुखरुख लागली. मग एका श्रावणात बाजारात टोपली दिसली. पण ती करवंदे तिच्या ओळखीची नव्हती. आकाराने मोठी, पांढरी, वर गुलाबी झाक, चवीला लखलखीत आंबट, आणि विकणारी बाई त्यांना करौंदा म्हणत होती. कोकणच्या रानात जे चैत्र-वैशाखात काळे होते ते येथे पावसाळ्यात पिकते, हे आईला त्या दिवशी कळले. तिने शेरभर घेतली, निम्म्याचे लोणचे घातले, उरलेली सुपात पसरून चार-सहा दिवस काळपट होऊ दिली आणि त्यांचे बी परसाच्या कडेने रांगेत टोचले.

तिसऱ्या वर्षी त्या कुंपणाला फळ धरले. पाने जाड, चकचकीत, समोरासमोर. पानांच्या बगलेत जोडीजोडीने निघालेले, टोकाला कधीकधी दुभंगलेले काटे. आणि उन्हाच्या तोंडावर फुललेली, कुंदाच्या आकाराची पांढरी फुले, ज्यांचा मंद सुगंध संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीपर्यंत येई. देठ मोडला की पांढरा चीक टपकतो आणि बोटांना असा चिकटतो की नुसत्या पाण्याने जात नाही. म्हणून करवंदे चिरताना आई आधी हाताला आणि विळीच्या पात्याला गोडे तेल लावीत असे. आम्ही भावंडे पिकलेले फळ मुठीत धरून एकमेकांना “कोंबडा की कोंबडी?” असे विचारीत असू, फोडल्यावर आत लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. शेजारची हिंदी बोलणारी मुले हा खेळ आमच्याकडून शिकली, आणि त्यांच्या आईकडून आमच्या घरी करौंदा-मिर्च आली: उभी चिरलेली करवंदे आणि हिरव्या मिरच्या, बडीशेपेच्या फोडणीत पाच मिनिटे परतलेल्या. आमच्या घरात ती भाजी आजही श्रावणात होते.

लागवडीला त्याहून सोपे झाड मला ठाऊक नाही. आपल्या शहरात दोन तऱ्हेची जमीन आहे: टेकड्यांवर वालुकाश्माची, मुरमाड, पाणी न धरणारी, आणि सखल भागात काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी व पावसाळ्यात चिखल होऊन बसणारी. मुरमाड जमिनीत करवंदाला काही करावे लागत नाही. काळ्या मातीत मात्र वीतभर उंच वरंबा करून त्यात मुरूम मिसळावा, कारण हे झाड तहान सोसते, पायाशी साचलेले पाणी सोसत नाही. कुंपण हवे असेल तर दोन रोपांत तीन फुटांचे अंतर पुरे. सुटे झुडूप हवे असेल तर सहा फूट सोडावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, पुढे त्याचे ते पाहून घेते. मोठ्या फळाचे कलम हवे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ आणि पंतनगर विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’ व ‘पंत सुदर्शन’ या निवडक जाती आहेत. आणि ज्यांना जॅमची हौस आहे त्यांनी अर्धवट पिकलेली करवंदे साखरेत शिजवून पाहावीत. त्यांत पेक्टिन इतके असते की बाहेरचे काही न घालता जेली आपोआप धरते. हाच गुण इंग्लंडातल्या गृहिणी आपल्या ब्लॅककरंटचा सांगतात.

फालशाविषयी थोडेच लिहितो. जांभळट, वाटाण्याएवढे, ब्लॅककरंटशी आकाराने आणि रंगाने सर्वांत जवळचे फळ तेच. उन्हाळ्यात हाटात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेले ते मिळते, आणि तोडल्यापासून दिवस-दोन दिवसांत नासते. म्हणूनच ते दुकानात फारसे दिसत नाही आणि म्हणूनच ते घरच्या अंगणात असले पाहिजे. त्याला फळ नव्या फुटीवर येते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत ते कमरेइतक्या उंचीवर निर्दयपणे छाटावे. जो छाटायला कचरतो त्याला पानेच मिळतात.

करवंदावर घेतला जाणारा मोठा आक्षेप काट्यांचा आहे, आणि तो खोटा नाही. लहान मुले खेळतात तेथे, वाटेच्या वळणावर, फाटकाच्या बाजूला ते लावू नये. पण त्याच काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, मांजर वर चढत नाही, आणि बुलबुलाची जोडी तेथे निर्धास्त घरटे बांधते. लोखंडी काटेरी तारेला आपण हरकत घेत नाही, ती गंजून टोचते तरी. मग जी तार फुलते आणि फळते तिलाच हरकत का घ्यावी?

या शहराच्या नावानावांत बाग आहे: ऐशबाग, नबीबाग, बाग दिलकुशा, बाग फरहत अफजा, बाग सेवनिया. 1819 पासून 1926 पर्यंत चार बेगमांनी येथे राज्य केले, आणि त्यांच्या अमदानीत बाग हा इमारतीइतकाच दौलतीचा भाग मानला जाई. आज त्या नावांच्या मोहल्ल्यांत घरे आहेत, बागा नाहीत. तात्या टोपे नगरातली आमची क्वार्टरे स्मार्ट सिटीच्या योजनेत पाडली गेली, आणि त्यांबरोबर प्रत्येक परसातले लिंबू, पेरू, कढीलिंब, करवंद गेले. 2024 च्या जूनमध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगर येथील सुमारे 29,000 झाडांवर नव्या वसाहतीसाठी संकट आले, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि ती तजवीज सरकारला मागे घ्यावी लागली. भोपाळकरांचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. पण वृक्षांची खानेसुमारी होते, त्यांच्यासाठी अर्ज आणि मोर्चे निघतात. झुडूप कोणाच्याच दप्तरी नसते. बंगल्याची करवंदाची जाळी मोटार उभी करण्यासाठी एका सकाळीत खणून निघते आणि त्याची बातमी होत नाही. त्या जागी जे शोभेचे कुंपण येते त्याला दर महिन्याला माळी आणि दररोज नळाचे पाणी लागते, आणि मुलाच्या हाती त्यातून काहीही पडत नाही.

म्हणून नगर निगमाला माझी विनंती आहे, की उद्यानांच्या कडेने तारेऐवजी करवंद लावावे. रोपवाटिकांना विनंती आहे, की परदेशी झुडपाच्या पाटीवर त्याला लागणारी थंडी किती, हे लिहावे. आणि ज्यांना दहा फूट माती उरली आहे अशा प्रत्येक गृहस्थाला विनंती आहे, की एक रांग तरी लावून पाहावी.

या श्रावणात हाटातून पावशेर करवंदे आणा. पूर्ण काळी होईपर्यंत ठेवा, गर नातवंडांना खाऊ द्या आणि बी धुऊन, सावलीत जेमतेम सुकवून, आठवडाभरात पेरा. कारण करवंदाचे बी साठवून ठेवले की त्याची उगवण झपाट्याने जाते. माझ्या नातीने गेल्या भाद्रपदात पेरलेल्या अकरा बियांपैकी आठ उगवल्या आहेत, आणि ब्लॅककरंटच्या त्याच कोपऱ्यात आता त्या वीतभर झाल्या आहेत.