मंडळींतील तंटे व समेटाची रीत

भांड्याला भांडें लागायचेंच, असें आपण घराविषयीं म्हणतों. ख्रिस्ती मंडळी हें एक मोठें घर असल्यामुळें तेथेंहि तें लागावें यांत नवल नाहीं. नवल याचें वाटतें कीं, घरांत भांडें पडलें म्हणजे आई तें उचलून जागेवर ठेविते. मंडळींत मात्र तें वर्षानुवर्षें वाजतच राहतें, आणि त्या आवाजांतच आपण गीतें गातों.

मी तरुणपणीं एका मंडळीच्या कमिटीचा सभासद होतों. सुगीच्या उपासनेनंतर आपल्याकडे भोपळे, कोंबड्या, नारळ, जोंधळ्याचीं कणसें यांचा लिलाव होतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. एका वर्षीं त्या लिलावाच्या हिशेबांत कांहीं रक्कम कमी भरली. रक्कम मोठी नव्हती. परंतु एका वजनदार गृहस्थांनीं खजिनदारांवर भर देवळांत आरोप केला. कमिटी बसली, दोन तास चर्चा झाली, मतें घेण्यांत आलीं, आणि खजिनदारांस कामावरून दूर केलें. हात वर करणारांत मीहि होतों. ते दोन तास खजिनदार बाहेर व्हरांड्यांत बांकावर बसून होते. त्यांस आंत बोलावून ‘काय झालें तें सांगा’ असें आमच्यापैकीं कोणीहि म्हटलें नाहीं. पुढच्या रविवारीं पाळकसाहेबांनीं क्षमेवर उत्तम उपदेश केला. दोन्ही पक्षांनीं तो लक्षपूर्वक ऐकला, आणि तो दुसऱ्या पक्षासाठींच आहे अशी दोघांचीहि खात्री झाली!

ह्या दोन घरचीं मुलें एकाच वर्गांत, एकाच बांकावर बसत असत. तीं पुढें एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं. हिशेबाची वही त्यांनीं कधीं पाहिलीहि नव्हती. विद्यार्थिमित्रांनो, वडील माणसांचीं भांडणें तुमच्या डब्यापर्यंत कशीं येऊन पोहोंचतात, हें तुम्हांस माझ्यापेक्षां अधिक ठाऊक असेल.

आम्हीं चूक कोठें केली? आम्हीं दोनच प्रश्न विचारले: दोष कोणाचा, आणि त्यास शिक्षा काय? दुखावलें कोण, कशानें दुखावलें, आणि तें भरून काढण्यासाठीं कोणी काय करावयास पाहिजे, हे प्रश्न आमच्या मनांतहि आले नाहींत. ह्याच प्रश्नांवर उभारलेल्या पद्धतीस आज जगांत ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. आपण तिला समेटाचा न्याय म्हणूं.

तिची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. कॅनडा देशांतील ऑन्टारिओ प्रांतांत एल्मायरा नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें 1974 सालीं दोन तरुणांनीं दारूच्या धुंदींत एका रात्रींत 22 ठिकाणीं मोडतोड केली. ते पकडले गेले. त्यांच्यावर देखरेख ठेवणारे मार्क यान्त्झी हे अधिकारी मेनोनाइट पंथाचे होते. ह्या मुलांनीं ज्यांचें नुकसान केलें त्यांच्या दारीं स्वतः जावें, अशी सूचना त्यांनीं न्यायाधीशांस केली. न्यायाधीशांनीं ती मान्य केली. यान्त्झी व त्यांचे एक सहकारी सोबत होते. पण दार ठोठावणें, आपला गुन्हा सांगणें आणि समोरच्याचें ऐकून घेणें हें त्या दोघांसच करावें लागलें. पुढें कांहीं महिन्यांत त्यांनीं नुकसानीची भरपाईहि केली. मला वाटतें, पैसे भरण्यापेक्षां तीं दारें ठोठावणें त्यांस अधिक जड गेलें असेल. तुरुंगांत कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. पुढें 1989 सालीं न्यूझीलंडनें माओरी लोकांच्या कुटुंबसभेच्या परंपरेवरून मुलांच्या गुन्ह्यांसाठीं कुटुंबाची बैठक भरविण्याची तरतूद कायद्यांतच केली.

मंडळींत ही रीत कशी चालवावी? प्रथम, ज्याचा कोणत्याहि पक्षाशीं संबंध नाहीं असा एक मनुष्य निवडावा. पाळकसाहेब बहुधा चालत नाहींत, कारण त्यांचें नांव बरेच वेळां तंट्यांतच असतें. ह्या मध्यस्थानें प्रत्येकाच्या घरीं जाऊन त्याचें सर्व ऐकावें. हें काम कंटाळवाणें आहे, पण तें टाळून एकदम बैठक बोलावली तर जुनें भांडण नव्या जागीं सुरू होतें, एवढेंच. दोन्ही पक्ष आपखुशीनें तयार झाले म्हणजे सर्वांनीं गोल बसावें. मध्यें टेबल नको आणि खुर्ची कोणाचीहि उंच नको. एखादी वस्तु हातोहात फिरवावी. ती ज्याच्या हातीं असेल त्यानेंच बोलावें. काय घडलें, त्या वेळीं मनांत काय होतें, त्याचा त्रास कोणास झाला, आतां काय केलें असतां गोष्ट मार्गावर येईल, इतकेंच विचारावें. जें ठरेल तें साध्या शब्दांत लिहून काढावें, आणि दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां बसून तें पाळलें गेलें कीं नाहीं हें पाहावें. ही शेवटची बैठक आपल्या लोकांकडून हमखास राहून जाते.

यांत आपल्यास परकें असें कांहीं नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायांत, अपराध करणाऱ्या भावाकडे आधीं एकट्यानें जावें, मग एकदोघांस बरोबर न्यावें आणि शेवटीं मंडळीस सांगावें, असाच क्रम आहे. आपण तो उलटा चालवितों: आधीं सर्व मंडळीस कळतें आणि त्या भावास सर्वांच्या शेवटीं! तरीहि जो ऐकणार नाहीं त्यास जकातदारासारखा समजावें, ह्या वचनाचा आधार बहिष्कारासाठीं घेतला जातो. पण ज्या शुभवर्तमानांत तें वचन आहे, त्यास नांव मत्तय जकातदाराचेंच आहे, हें विसरतां कामा नये. फिलिप्पैकरांस पत्र लिहितांना पौलानें युवदीया व सुंतुखे ह्या दोन भगिनींच्या बेबनावाचा निवाडा केला नाहीं; दोघींस त्यानें सारखीच विनंती केली आणि एका सोबत्यास त्यांचें साहाय्य करण्यास सांगितलें.

मात्र एका गोष्टींत पालकांनीं भोळेपणा करूं नये. जेथें लहान मुलावर अत्याचार झाला असेल, तेथें गोल बसून क्षमा मागण्याचा प्रश्नच येत नाहीं. 2012 सालच्या पॉक्सो कायद्याप्रमाणें अशी गोष्ट कळतांच पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू हें तेथें निमित्त होऊं शकत नाहीं. ज्यानें अन्याय सोसला त्यास ‘तूं ख्रिस्ती आहेस, क्षमा कर’ असें दडपून सांगणें हा समेट नव्हे, दुसरा अन्याय होय. नोकरी ज्याच्या हातीं आहे अशा मोठ्या माणसासमोर गरिबास बसविणें हेंहि धोक्याचें आहे; त्यानें आपल्या विश्वासाचें माणूस बरोबर आणावें. घाईचाहि असाच धोका आहे. आपल्या राज्यांत 2007 सालीं महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली, आणि तंटे मिटविणाऱ्या गांवांस सरकारनें बक्षिसें दिलीं. गांवचा तंटा गांवांतच मिटावा हा हेतु उत्तम. पण जेथें बक्षीस असतें तेथें तंटा मिटण्यापूर्वींच मिटला असें लिहिण्याचा मोह होतो, असें माझें मत आहे. देवळांत बक्षीस नसलें तरी नाताळापूर्वीं सर्व गोड दिसावें ही घाई असतेच.

गेल्या पावसाळ्यांत मी त्या जुन्या खजिनदारांच्या घरीं गेलों. ते आतां दुसऱ्या देवळांत जातात. मीं हात वर केला होता हें त्यांस प्रथम सांगितलें. त्यांस तें ठाऊक होतें. व्हरांड्याच्या खिडकींतून त्यांनीं पाहिलें होतें. पैसे कोठें गेले हें त्यांसहि कधीं कळलें नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, ‘मला आंत बोलवावयास पाहिजे होतें.’ मग त्यांच्या पत्नीनें चहा आणला. एकत्र बसण्यास ते तयार आहेत. ज्यांनीं आरोप केला ते गृहस्थ आज हयात नाहींत. त्यांच्या मुलास मीं पत्र लिहिलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं, आणि सुगीची उपासना पुढच्या महिन्यांत आहे.