साप चावला, पण खूणच दिसत नाही!

पावसाळ्याचे दिवस. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला मुलगा पहाटे ‘पोट दुखतंय’ म्हणून उठतो. आई ओवा-मीठ देते. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, आवंढा गिळवत नाही. अंगावर ना सूज, ना जखम. ‘अपचन असेल, सकाळी दाखवू,’ असे घरचे म्हणतात. हे थांबणेच जिवावर बेतू शकते. रात्री अंथरुणात शिरलेला मण्यार त्याला चावून गेलेला असू शकतो!

मण्यार रात्री फिरतो. त्याचे दात बारीक असल्याने दंशाची खूण अनेकदा दिसत नाही. वेदना आणि सूजही फारशी नसते. विष मात्र स्नायू लुळे पाडत श्वासापर्यंत पोहोचते. म्हणून पहाटे अचानक पोटदुखी आणि जोडीला पापण्या पडणे असे दिसले, तर आधी सर्पदंशाची शंका घ्या.

आपल्या देशात सर्पदंशाचे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे होतात. नाग चावल्यास जागा दुखते, सुजते आणि पुढे पापण्या पडतात. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाऊ लागते. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

साप चावल्यास काय करावे?

• रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. दंश झालेला हात किंवा पाय लाकडी पट्टी बांधून स्थिर ठेवा.

• अंगठी, बांगड्या, पैंजण सूज येण्यापूर्वीच काढा.

• घट्ट आवळपट्टी बांधू नका. रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागतो. जखम कापू नका, चोखू नका, बर्फ किंवा पाला लावू नका.

• साप पकडण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते.

• लस असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या. कधी कधी लसीची तीव्र रिॲक्शन येते, म्हणून ती घरी टोचून घेऊ नये.

रुग्णालयात रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवतात. ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याचे कळते. मण्यारदंशात मात्र ही तपासणी बिघाड दाखवत नाही. तिथे लक्षणेच पाहावी लागतात. श्वास मंदावला तर कृत्रिम श्वास द्यावा लागतो. योग्य वेळी तो मिळाला, तर पूर्ण लुळा पडलेला रुग्णही उठून घरी जातो. लक्षणे नसली तरी निदान २४ तास देखरेखीखाली राहावे.

‘आमच्या गावी मांत्रिकाने उतरवले,’ असे सांगणारे भेटतात. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. असा रुग्ण मंत्राविनाही बरा झाला असता. ज्याच्या अंगात विष गेले, त्याचा वेळ मात्र हकनाक जातो. २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे.

तेव्हा आजपासून एवढे करा: शक्यतो खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा आणि रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. आणि शंका आली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.