घण तिचा, कारागीर तो!

मैत्रिणींनो, इगतपुरी तालुका भाताचा. कापणी जवळ आली की विळे हवेत. कोयते-सुऱ्या तर बारा महिने. रस्त्याकडेला घिसाड्यांचे पाल पडलेले आपण पाहिले आहे. आठवून पाहा, तिथे घण कोण मारते? बाई! नवरा सांडशीत तापले लोखंड धरून बसतो, हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवतो. ती उभ्याने घण घालते, मध्येच भट्टीचा पंखाही फिरवते. तरी तो कारागीर आणि ती ‘मदतीला’.

पाणी देणे हे यातले खरे कसब. लाल पाते पाण्यात बुडवून कडक करायचे, मग पुन्हा थोडे तापवून पिवळसर छटा येताच थांबायचे. ती छटा हुकली तर धार तुटते, नाहीतर दुमडते. हे शिकवायचे मुलाला. मुलीच्या हाती घण. जन्मभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या बाईला तो रंग कळत नाही, असे कोण म्हणेल?

सरकारचा हिशेबही तोच. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि नवरा-बायको मिळून एक कुटुंब! मग नाव कुणाचे लागणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला? दोघांशिवाय न चालणाऱ्या धंद्यात एकच कारागीर मोजणारा हा नियम बदलला पाहिजे. तोवर घिसाडी भगिनींनो, अर्जावर स्वतःचे नाव घाला. आणि सांडशी मागून घ्या.