आमच्या पोरांनी पोहायचे कुठे?

गोव्यात मिरामारला २०१९ साली आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल, शेवटी २१.१ किलोमीटर धावणे. सारे साडेआठ तासांत. पहिल्यांदा उतरणारा हौशी खेळाडू धास्ती घेतो ती पोहण्याची. आमची पोरे धावण्यात कुणाला हार जाणारी नाहीत. सायकल महाग, पण कर्ज काढून येईल. अडते ते पाण्यापाशीच. ज्यांना चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, गावच्या विहिरीत ज्यांना उडी मारू दिली नाही, त्यांच्या नातवंडांनी पोहायला शिकायचे कुठे? (आणि वर गुणवत्तेच्या गप्पा!) पालिकांच्या तरणतलावांत समाजकल्याण वसतिगृहांतील मुलामुलींना मोफत प्रवेश आणि प्रशिक्षक मिळालाच पाहिजे. आमच्या नगरसेवकांनी येत्या अंदाजपत्रकात ही मागणी लावून धरावी.