रक्ताची गुठळी आणि घरच्यांची जबाबदारी

कॅन्सर बळावलेल्या रुग्णाचा एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, की घरात म्हणतात, 'पडून पडून सूज आली असेल.' असे समजून थांबू नये. कॅन्सरमुळे रक्त गोठण्याची शक्यता वाढते. १८६५ सालीच त्रुसो या फ्रेंच डॉक्टरांनी हा संबंध सांगितला होता. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर एकाएकी दम लागतो, छातीत दुखते, जिवावरही बेतते.

यावर इलाज म्हणजे रक्त पातळ ठेवणारी औषधे. ती गुठळी वाढू देत नाहीत. मग शरीरच ती हळूहळू विरघळवते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के, तर डाल्टेपॅरिन इंजेक्शन घेणाऱ्यांत ९ टक्के दिसले. आता अपिक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्याही मिळतात. मात्र जठर-आतड्यांच्या कॅन्सरमध्ये काही नव्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी.

आपल्या घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. हेपॅरिन आणि डाल्टेपॅरिनसारखी इंजेक्शने बहुधा डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून तयार होतात. हे कळल्यावर गुपचूप इंजेक्शन बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सरळ विचारावे. फोंडापॅरिनक्स इंजेक्शन आणि अपिक्सॅबॅन गोळ्या रासायनिक पद्धतीने बनतात. आपल्या रुग्णाला त्या चालतील का? पर्यायच नसेल, तर नाइलाजात जीव वाचवण्यासाठी शरीअतने सवलत ठेवली आहे. मनात शंका असल्यास जाणत्या आलिमांना विचारावे, पण तोवर डोस चुकवू नये.

काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारे रक्त किंवा डोक्याला मार, यांपैकी काही झाल्यास लगेच दवाखाना गाठावा. अंगदुखीची गोळी मनाने देऊ नये. काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो.

आणखी एक अवघड गोष्ट. अखेरच्या दिवसांत रोजची सुई त्रासाचीच ठरू लागली, तर डॉक्टर ती थांबवायला सुचवतात. 'आम्ही इलाज सोडला' असे ओझे मुलांनी तेव्हा मनावर घेऊ नये. अम्मी-अब्बांना वेदना होऊ न देणे, त्यांचा हात हातात घेऊन दुआ करणे, हीसुद्धा खिदमतच आहे. हा निर्णय रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला विचारून, सर्वांनी मिळून घेतलेला बरा.